धनेशाचे बंद दार

बाळांनो, घाटमाथ्यावरच्या एका दाट जंगलात एक तरुण धनेश राहत असे. धनेश म्हणजे तो मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. तो उडाला की पंखांचा आवाज खाली ओढ्यापर्यंत ऐकू जातो. त्या वर्षी त्याचा संसार नवा होता आणि आपले पहिले पिल्लू धडधाकट बाहेर पडावे, एवढेच त्याने मनाशी धरले होते. आता धनेशांची रीत जगावेगळी. मादी उंच झाडाच्या ढोलीत जाऊन बसते, नर बाहेरून चिखल आणून देतो, आणि ती आतून ढोलीचे तोंड लिंपून टाकते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवतात. पुढचे सगळे दिवस नराने त्या फटीतून भरवायचे. इथवर त्याला ठाऊक होते. दार लिंपल्यावर आत काय काय घडते, ते मात्र त्याला ठाऊक नव्हते. तो स्वतः अशाच ढोलीत जन्मला होता खरा, पण अंड्यातले दिवस कुणाला आठवतात, तुम्हीच सांगा.

"कुणीतरी जाणता गाठावा आणि त्याच्या सल्ल्याने चालावे," असे त्याने ठरवले. विचार चांगला होता, त्याला नावे ठेवायला जागा नाही. शेजारच्या सातविणीच्या झाडावर एक म्हातारी धनेशीण राहत असे. पण ती पडली तुसडी. दिवसभर गप्प बसायची आणि कुणी जवळ गेले की आधी चोच आपटायची. तिच्या वाटेला कोण जाणार? धनेश गेला राघूकडे. राघूचे बोलणे कसे, ऐकत राहावे असे.

"ढोलीतलं मला विचार," राघू छाती फुगवून म्हणाला. "आमचं अख्खं घराणं ढोलीत वाढलं. वहिनींना गोड फळं दे, त्यांचं मन रमव. आणि जरा काही बिघडलंसं वाटलं, तर लगेच बाहेर काढ. मोकळ्या हवेवर सगळं बरं होतं."

धनेशाला हे इतके पटले की त्याने राघूला तिथल्या तिथे गुरू करून टाकले. राघू खोटे बोलत नव्हता, हे लक्षात ठेवा. पोपटांच्या ढोलीला दार नसते, एवढीच गोष्ट होती, आणि ती बोलून दाखवायचे दोघांपैकी एकालाही सुचले नाही.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. धनेश उंबराची फळे आणी, फटीतून एकेक आत देई, आणि आतून त्याची बायको म्हणे, "अहो, आज फारच गोड आहेत." मग एका दुपारी तो फळे घेऊन आला, सहज खाली नजर टाकली, आणि त्याच्या चोचीतले फळ गळून पडले. त्यांची ढोली असलेल्या बेहड्याच्या झाडाच्या बुंध्याशी पिसांचा ढीग पडला होता. लांब, काळी-पांढरी, पंखांची पिसे. त्याच्या बायकोची.

"अगं, हे काय झालं?" तो फटीशी जाऊन म्हणाला.

"अहो, मला काहीतरी होतंय," आतून दबका आवाज आला. "पिसं आपोआप गळताहेत. पंखात बळच नाही राहिलं. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही. मला बाहेर काढा हो."

धनेशाच्या तोंडचे पाणी पळाले. तो तसाच राघूकडे धावला. राघूने सगळे ऐकले आणि त्याचाही चेहरा उतरला. "पिसं गळताहेत? असं कधी ऐकलं नाही मी," तो म्हणाला. "आत काहीतरी भयंकर रोग शिरलाय. वेळ घालवू नकोस, दार फोड." गुरूनेच सांगितल्यावर विचार कसला करायचा? धनेश परत आला आणि त्याने भिंतीवर चोचीचे घाव घालायला सुरुवात केली. वाळलेल्या चिखलाचे ढेकूळ निसटले. भगदाडातून बायकोचे डोके दिसू लागले. ती धडपडत पुढे सरकली.

तेवढ्यात बाजूने काहीतरी येऊन त्याच्या छातीवर असे आदळले की तो फांदीवरून खालीच गेला. कसाबसा पंख सावरून वर पाहतो तर ढोलीच्या तोंडाशी ती म्हातारी धनेशीण बसलेली. तिने त्याच्या बायकोला चोचीने आत ढकलले होते. धनेश सुन्न झाला. आपल्यावर कुणी असे धावून येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

"आजी, माझी बायको मरतेय आणि तुम्ही तिला कोंडताय?"

"मरत नाहीये ती," म्हातारी म्हणाली. "आत बसली की आपल्या बायकांची पिसं गळतात. सगळ्यांची गळतात. माझी दरवर्षी गळली. पिल्लू वाढेपर्यंत नवी येतात. आज ती बाहेर पडली असती तर तिनं काय पसरलं असतं रे, पंख? आणि आता जरा खाली बघ."

धनेशाने खाली पाहिले आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्याच बुंध्यावर, त्याने पाहिलेल्या पिसांच्या ढिगाच्या जरा वर, एक घोरपड खोडाला चिकटून बसली होती. भिंत फुटण्याचा आवाज ऐकूनच ती चढू लागली असणार. आपण कुणासाठी दार उघडत होतो, हे आता त्याला कळले.

"बघत काय बसलास? चिखल आण," म्हातारी खेकसली. "हिला मी बघते."

ती खोडावर उतरून घोरपडीच्या डोळ्यांसमोर चोच आपटत राहिली. धनेश ओढ्यावर गेला, चिखल आणला, पुन्हा गेला, पुन्हा आणला. आत त्याच्या बायकोने रडत रडत भगदाड लिंपून घेतले. घोरपड बराच वेळ ताटकळली आणि मग कंटाळून उतरून गेली.

त्या दिवसापासून धनेश रोज सातविणीवर जाऊन बसू लागला. म्हातारी गोड कधी बोलली नाही. "नुसती फळं काय देतोस? पिल्लाला किडे लागतात, सरडा लागतो," असे ती फटकारायची, आणि तो निमूटपणे सरडा शोधायला जायचा. अखेर एका सकाळी भिंत आतून फुटली. त्याची बायको बाहेर आली, फांदीवर क्षणभर थांबली आणि नव्या पिसांनी उडाली. तिच्यामागे ढोलीतून गुबगुबीत पिल्लाने डोके काढले. धनेशाला आनंदाने काय करावे ते सुचेना.

तो म्हातारीकडे गेला. "आजी, तुमचे उपकार कसे फेडू? त्या दिवशी तुम्ही अगदी वेळेवर आलात."

म्हातारी म्हणाली, "तुझ्या आधी त्या ढोलीत माझ्या मुलाचा संसार होता. त्यानंही खाली पिसं पाहिली आणि दार फोडलं. सून झेप घ्यायला गेली, ती सरळ खाली पडली. मी इथेच होते बाळा, याच फांदीवर. त्यानं एक हाक मारली असती तरी पुरे होतं. पण आईला काय विचारायचं, असं वाटलं असेल त्याला."

धनेश तिच्या शेजारी नुसता बसून राहिला.

तात्पर्य : मनातले काम तडीस न्यायचे तर मार्गदर्शक हवाच, पण तो गोड बोलणारा पाहू नये, त्या कामातून स्वतः गेलेला पाहावा, आणि पहिला घाव घालण्याआधी त्याला विचारावे.