बॉनेटवरचे पाय

मोटारींना बोलता येत होतं, त्या काळची ही गोष्ट. महाबळेश्वरला विसूअण्णांकडे एक जुनी निळी मोटार होती. थंडीत गवतावरचं दव गोठू लागलं, की अण्णा तिला शेडमध्ये उभी करून तिच्यावर दोन जाड गोधड्या घालत. स्वतः मात्र घरात एका घोंगडीत कुडकुडत बसत.

त्या वर्षी घरची मांजर मनी गोधडीखाली शिरून बॉनेटवर झोपू लागली. मोटार वैतागली. "उतर खाली! कालच पॉलिश झालंय आणि तू मातीचे पाय घेऊन आलीस?"

"अगं, बाहेर फार गारठा आहे," मनी म्हणाली. "मी एका कोपऱ्यात पडून राहते."

"कोपरा नाही नि काही नाही! अण्णा, हिला आधी बाहेर काढा. रोजचा काय हा ताप!"

या कटकटीला कंटाळून अण्णांनी मनीला स्वयंपाकघरात नेलं आणि शेडचं दार लावून घेतलं. आठवड्याभरात दाराखालच्या फटीतून उंदीर आत आले. मोटारीनं पुष्कळ हाका मारल्या, पण बंद दारातून त्या कुणाला ऐकूच गेल्या नाहीत.

फाल्गुनात अण्णांनी किल्ली फिरवली, तर मोटार जागची हलेना. बॉनेट उघडलं, तर वायरी कुरतडलेल्या, आणि सीटमधून ओढून आणलेल्या कापसावर उंदरांची पाच पिल्लं. अण्णांनी कपाळावर हात मारला.

"रंग मात्र बघा माझा, एक डाग नाही," मोटार पुटपुटली.

"डाग मी फडक्यानं पुसला असता गं बाई," अण्णा म्हणाले आणि पायीच बाजाराला निघाले.