कुलपातली घागर

खूप जुनी गोष्ट. राजे आपलं पागोटं आपल्याच हातांनी बांधत, तेव्हाची. एका नगरात राजाने दवंडी पिटवली, "घरात कधी काय होईल सांगता येत नाही. प्रत्येकाने पाण्याची घागर आणि दोर हाताशी ठेवावा!"

तिथल्या एका गल्लीत अत्तरवाले शेठ राहत. त्यांनी लखलखीत तांब्याची घागर घेतली, दोर तर रेशमीच. धूळ बसू नये म्हणून सगळं कपाटात ठेवून कुलूप घातलं. पाहुणे आले की उघडून दाखवत.

शेजारी भाजीवाली मावशी. तिची घागर साधी मातीची. पण बाजाराला सुट्टी असली की ती लेक-सुनांच्या डोळ्यांना फडकं बांधून त्यांना चुलीपासून दारापर्यंत चालायला लावी. स्वतःही चाले.

शेठ खिडकीतून हसत. "मावशी, या वयात आंधळी कोशिंबीर?"

"खेळून बघा शेठ, भूक चांगली लागते!"

एका दुपारी शेठाणी माहेरी गेलेल्या. शेठना भज्यांची लहर आली. चुलीवर तेल चढवलं, तापेतोवर जरा आडवे झाले, तर डोळाच लागला. ठसक्याने जागे झाले, तो कढई पेटलेली आणि घरभर धूर.

शेठ कपाटाकडे धावले. किल्ली जपून ठेवली होती. पण कुठे, ते आठवेना. दार शोधू गेले, तर स्वतःच्याच घरात तीनदा भिंतीवर आपटले.

"मावशी! मेलो!"

गल्लीतली सगळी घरं एकाच गवंड्याने बांधलेली, एकाच मापाची. मावशी खिडकीतून ओरडली, "खाली बसा, शेठ! धूर वर असतो. डावा हात भिंतीला लावा नि रांगत या. खांब लागला की उजवीकडे वळा!"

शेठ रांगले. खांब लागला. मग उंबरा. मग हवा!

मावशीने ओला पदर नाकाला लावला, वाकून आत गेली नि कढईवर परात उपडी घातली. आग विझली.

"किल्ली सापडली असती तर..." शेठ खोकत म्हणाले.

"नाही सापडली तेच बरं. पेटत्या तेलावर पाणी ओतलं असतंत, तर आढ्यापर्यंत भडका उडाला असता."

शेठनी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं. मग हळूच म्हणाले, "आणि माझी भजी?"

"माझ्याकडे या खायला. पण डोळ्यांना फडकं बांधून!"

पुढच्या सुट्टीला शेठ सगळ्यांच्या आधी हजर. आता त्यांच्या कपाटाला कुलूप नाही. पाहुणे आले, की घागरीऐवजी ते कपाळावरचं टेंगूळ दाखवतात.

तर लहानथोर मंडळी, संकटाची तयारी नुसत्या वस्तू जमवून होत नाही, ती हातापायांना सवय लावून होते.