बांधमायेच्या वशाची कहाणी

भादव्यातली अमावास्या. दुपारचे बारा. उधाणाची भरती काठोकाठ. खाडीच्या तोंडाशी मातीचा लांब बांध. बांधाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला पोटरीत आलेलं भात. बांधावर एक सून अनवाणी उभी, आणि तिची टाच मातीत रुतलेली.

ऐका बांधमाये, तुझी कहाणी.

आटपाट गाव होतं. गाव कसलं? भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला दर्या, मधे खाडी. डोंगरावरून तीन घरं खाली उतरली. पेरायला जमीन नव्हती. मग त्यांनी काय केलं? ओहोटीला चिखल काढला, पेंढ्यात कालवला, ओळीनं रचला. पहिल्या वर्षी समुद्रानं नेला. दुसऱ्या वर्षी नेला. तिसऱ्या वर्षी बांध राहिला. आतली खारी जमीन तीन पावसाळ्यांनी धुतली, मग भात पिकलं, आतलं तळं गोडं झालं. तीन घरांची शंभर घरं झाली.

पण खेकडे बांधाला बिळं पाडत. वरून बांध धडधाकट, आत पोकळ. डोळ्याला दिसेना. मग बायकांनी वसा घेतला. दर अमावास्येला, दर पुनवेला घरटी एका बाईनं बांधावर जावं. हातात चिखलाचा गोळा घ्यावा. पायात काही घालू नये. पाऊल पाऊल चालावं. तळव्याला पोकळ लागेल तिथं गोळा ठेवावा, टाचेनं ठोकावा, बांधमायेला हात जोडावे. असा वसा पिढ्यान्‌पिढ्या चालला.

एके वर्षी राजाचा कारभारी आला. त्यानं बांध उकरला, पुन्हा भरला, वरून दगड बसवला, पाटी रोवली : ‘काम पुरं झालं.’ म्हणाला, “बायांनो, आता बांध राजाचा. तुमचे गोळे तुमच्या चुलीला लिंपा.” बाया हसल्या. सुटलो म्हणाल्या. वसा टाकला.

त्या गावात ठमाबाय म्हणून म्हातारी होती. तिला तीन सुना. तिचे गुडघे गेलेले, चालवेना. तिनं थोरलीला सांगितलं, “वशाला जा.” थोरली म्हणाली, “दगडाला काय धाड भरलीय, आई? दगडात खेकडा शिरतो व्हय?” मग मधलीला सांगितलं. मधली चपला घालून गेली, अर्ध्यातून परतली, म्हणाली, “बघून आले. छान आहे.” मग धाकटीला सांगितलं. धाकटीचं नाव सुंद्रा. डोंगराकडची पोर, लग्नाआधी समुद्र पाहिलेला नव्हता. ती म्हणाली, “जाते आई. पण मला पोकळ कसं कळायचं? मला सगळंच मऊ लागतं.”

मग ठमाबायनं काय केलं? सुनेला ओटीवर बसवलं, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

“आई, पाय नका धरू. पाप लागेल मला.”

“गप गो. पापाचं मी बघते. डोळे मीट.”

म्हातारीनं अंगठा टाचेत रोवला. “ही घट्ट माती.” मग तळव्यावर तीन बोटं वाजवली. “ही खेकड्याची.” मग हात नुसता तळव्याखालून फिरवला.

“गुदगुल्या होतात, आई!”

“बांधावर नाही व्हायच्या. ही जी तिसरी, हिच्याखाली काहीच नाही. ही लागली की हलू नको. टाच रोव, हाक मार. पाय काढलास की पाणी शिरलं.”

पहिल्या अमावास्येला सुंद्रा चालली, गोळा तसाच परत आणला. थोरली म्हणाली, “आली बांधाची राणी!” पुनवेला चालली, काही लागलं नाही. पण तळ्याचं पाणी मचूळ लागलं. गाव म्हणालं, पाऊस कमी झाला.

तिसऱ्या वेळी भादव्यातली अमावास्या आली. सुंद्रा सकाळी निघाली, हळूहळू चालली, शेवटच्या वळणाला पोचेतो भरती चढली. तिथं एक दगड खचलेला, त्या फटीत तळव्याखाली काहीच लागेना. गोळा ठेवला, तो आत गेला. तिनं टाच रोवली. खाली पाणी ओढ घेत होतं. पहिली हाक मारली, वाऱ्यानं नेली. दुसरी मारली, गाव जेवत होतं. तिसरी मारली, ती ठमाबायनं ऐकली. म्हातारी सरपटत अंगणात आली, पितळी परात बडवली. गाव धावलं. मधलीनं पेंढा आणला. थोरलीनं चपला भिरकावल्या, वाळत घातलेलं आपलं लुगडं चिखलात बुडवून भोकात कोंबलं. शंभर घरांचा चिखल पडला, पाणी थांबलं.

सुंद्राचा पाय मात्र निघेना. थोरली खाली बसली, दोन्ही हातांनी तो धरला.

“जाऊबाई, पाय नका धरू!”

“गप गो,” थोरली म्हणाली. “पापाचं मी बघते.”

पाय निघाला. भात वाचलं. तळं पुढच्या पावसाळ्यात गोडं झालं. घरटी एक बाई पुन्हा चालू लागली. ठमाबायच्या ओटीवर पोरींची रांग लागली, एकेक पाय मांडीवर.

पाणी थांबलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावानं दगड उचलून पाहिले होते. खाली पिढ्यांची चिकणमाती नव्हती. खणून नेलेली होती. तिच्या जागी नुसती वाळू आणि नारळाच्या करवंट्या. गाव कारभाऱ्याकडे गेलं. पहिल्यांदा तो म्हणाला, चौकशी करतो. दुसऱ्यांदा म्हणाला, ते आधीच्या कारभाऱ्याचं काम. तिसऱ्यांदा दार उघडलं नाही.

दगड पाहून वसा सोडू नये, चपला घालून वसा करू नये. सुंद्राला जशी बांधमाय पायाशी पावली, थोरलीला जशी हातांशी पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो.

साठ भरत्यांची कहाणी पाच ओहोट्यांत सुफळ. संपूर्ण म्हणायचं राहिलं आहे. पाटी अजून उभी आहे, आणि बांधातली माती कुणी नेली ते अजून कुणी सांगितलेलं नाही.