म्हसूनं दिलेला शाळेचा सांगावा

त्या दिवशी वारा अगदीच पडला होता. लिंबाचं पान हलत नव्हतं. कावळे चोची उघड्या टाकून सावलीत बसले होते आणि कुत्री ओढ्याच्या ओल्या वाळूत पोट टेकून पडली होती. अशा उन्हात शहाणं माणूस घराबाहेर पडत नाही. म्हसू पडला.

कारण बाईंनी सांगितलं होतं.

तर ओढ्याकाठी एक गाव होतं, आणि त्या गावात हा म्हसू नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगानं धडधाकट, मनानं गाईसारखा. कुणी काही सांगितलं की "बरं" म्हणायचा आणि सांगितलं तेवढंच करायचा. त्यात आपलं डोकं घालायचा नाही. काम लोकांचं, डोकं आपलं. दोन्ही कशाला मिसळा, असं त्याला वाटायचं. गावच्या शाळेत तो घंटा वाजवायचा, रांजण भरायचा. त्याची लेक छबू त्याच शाळेत दुसरीत होती.

शाळा एका खोलीची. कानडे बाई एकट्याच सगळे वर्ग शिकवायच्या. वर्ष सरलं की निकालाच्या दिवशी आईबापांनी शाळेत यावं, पोर वर्षभरात काय शिकलं ते बाईंनी सांगावं, पोरांनी गाणी म्हणावीत, अशी रीत. रीत होती, पण आईबाप यायचे नाहीत. लग्नाला जायचे, बारशाला जायचे, मयतीला तर अगदी न चुकता जायचे. शाळेत म्हटलं की म्हणायचे, "पोरं आहेत की तिथं. आम्ही कशाला?"

गेल्या साली एकही माणूस आलं नव्हतं. बाईंनी पोरांचं कौतुक पोरांनाच सांगितलं. तालुक्याचा साहेब आला होता. त्यानं रिकाम्या सतरंजीकडं बघितलं आणि म्हणाला, "पुढच्या साली असंच दिसलं तर मी शाळा बंद करायला लिहीन. गावालाच नको असली तर चालवायची कुणासाठी? पोरं जातील ओढ्यापलीकडच्या शाळेत."

आता ओढा उन्हाळ्यात ओढा असतो. पावसाळ्यात तो म्हैस वाहून नेतो. छबू तर म्हशीहून बरीच लहान होती.

म्हणून या साली बाईंनी निकालाच्या आधीच म्हसूला बोलावलं. तेव्हा गावात फोन नव्हते, म्हसू होता.

"म्हसूभाऊ, घरोघर जा आणि सांगा. परवा निकाल आहे, आईबापांनी दोघांनीही शाळेत यायचं."

"बरं."

म्हसू भर दुपारचा निघाला. गाव कांदे काढायला रानात गेलं होतं. घरांना कुलपं. म्हसू पहिल्या घरापुढं उभा राहिला, दाराकडं बघून म्हणाला, "परवा निकाल आहे. दोघांनीही या." मग दुसऱ्या घरापुढं. मग तिसऱ्या. एका अंगणात शेळी बांधलेली होती. ती मान वर करून ऐकत होती, म्हणून तिला त्यानं पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

दिवस कलताना तो शाळेत परत आला.

"सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"एकही घर सोडलं नाही."

"काय म्हणाले?"

"कुणी नाही म्हणालं नाही."

बाईंना बरं वाटलं. मग त्यांनी जरा खोलात विचारलं, आणि बरं वाटायचं थांबलं.

"अहो म्हसूभाऊ! घराला काय सांगता? माणसाला सांगायचं असतं. घरी नसेल तर माणूस असेल तिथं जाऊन गाठायचा."

"मग आधीच सांगायचं की बाई," म्हसू म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो तांबडं फुटायच्या आत उठला. म्हटलं, माणूस रानात जायच्या आधी गाठावा. ईश्वरा जाधवाच्या घरी गेला, तर बायको म्हणाली, "ते तांब्या घेऊन गेलेत, निवडुंगाकडं." म्हसू निवडुंगाकडं गेला. माणूस होता तिथं. म्हसू त्याच्या समोर जाऊन उकिडवा बसला.

"राम राम, ईश्वरा."

"अरे, ए! काय रे?"

"उद्या निकाल आहे. दोघांनीही या."

"म्हश्या, ऊठ तिथनं!"

"येणार का ते सांग, मग उठतो. बाई म्हणाल्या, माणूस असेल तिथं गाठायचा."

ईश्वराच्या हाताला तेव्हा एक ढेकूळ आलं. ते म्हसूच्या कपाळाला लागलं. कपाळ चोळत तो तिथनं उठला आणि पुढच्या निवडुंगाकडं निघाला, कारण तिकडंही कुणीतरी दिसत होतं. तेवढ्यात वाटेवर हैबती आबा भेटले. आबा म्हणजे म्हसूचे शेजारी. एकटा जीव, पण गावात कुणाकडंही मयत झाली की बांबू तोडण्यापासून राख सावडण्यापर्यंत आबाच पुढं. त्यांनी म्हसूचा दंड धरला.

"कुठं निघालास?"

म्हसूनं सांगितलं.

"अरे शहाण्या, माणूस असा अडचणीत असला की जवळ जाऊ नये. लांब उभं राहावं आणि तिथनंच हाक मारून सांगावं. त्यालाही बरं, आपल्यालाही बरं."

"हे बरं सांगितलंत आबा," म्हसू म्हणाला, आणि हेही त्यानं डोक्यात ठेवलं. त्याच्या डोक्यात जागा भरपूर होती.

दुपारी बाईंनी त्याला हळूच बाजूला घेतलं.

"म्हसूभाऊ, सरपंचांच्या घरी जा. त्यांच्या नातवाचा पाढ्यांचा गोंधळ आहे, आणि वर्गात बसल्याबसल्या चड्डी ओली करतो. उद्या चारचौघांत सांगितलं तर त्यांना अडचण होईल. म्हणून आजच जपून सांगून या."

अडचण म्हटल्यावर म्हसूनं मान डोलावली. अडचणीचं त्याला सकाळीच कळलं होतं.

सरपंच उत्तमरावांच्या घरी त्या दिवशी त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे आले होते. ओसरीवर गादी घातली होती. पोरगी पोह्यांच्या बश्या घेऊन नुकतीच बाहेर आली होती. म्हसू समोरच्या देवळाच्या चौथऱ्यावर चढला, कारण तेच काय ते लांब होतं. तोंडाशी दोन्ही हात धरले आणि हाक दिली.

"ओ सरपंच! तुमच्या घरात बसल्याबसल्या चड्डी ओली करतात हो! बाईंनी जपून सांगायला सांगितलंय!"

ओसरीवर बश्या तशाच राहिल्या. नवरदेव पोरीकडं बघायचं सोडून ती बसणार होती त्या पाटाकडं बघायला लागला. पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणाला, "निघावं म्हणतो, ऊन फार आहे." आणि पाहुणे त्याच उन्हात निघून गेले.

सरपंच चौथऱ्याखाली आले. आवाज फुटत नव्हता. फुटला तेव्हा सगळ्या आळीनं ऐकला.

"उद्या त्या शाळेत गावातलं एक माणूस जरी गेलं तर माझ्याशी गाठ आहे!"

तसं कुणी जाणारच नव्हतं. पण आता न जायला कारण मिळालं.

रात्री म्हसूची बायको कौसा त्याला भाकरी वाढत होती. छबू कोपऱ्यात गाणं म्हणून बघत होती. मधेच थांबून म्हणाली, "आई, मी तुझ्यासाठी सतरंजीवर जागा धरणार आहे. पुढंच बस."

"पोरी, सरपंचांनी बंदी घातलीय," कौसा म्हणाली.

छबूनं पुढचं कडवं म्हटलं नाही.

म्हसू जेवण टाकून शेजारी गेला. आबा बाजेवर पडले होते.

"आबा, आज लांबून सांगितलं तरी चुकलं."

"ऐकलं मी. गावानं ऐकलं. अरे, वाईट बातमी अशी सांगतात का? पाहुण्यात कुणी गेलं तर आपण काय करतो? गेलं म्हणून सांगतो का?"

"काय करतो?"

"उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. तोंड पाडायचं. म्हणायचं, आधी खाली बसा, घोटभर पाणी प्या. मग म्हणायचं, घाबरू नका, जरा जास्त आहे, आहात तसे चला. बस. पुढचं काही बोलायचं नाही. तिथं गेल्यावर कळतंच."

"आणि एवढं सांगितलं की माणसं येतात?"

"येतात म्हणजे? भाकरी तव्यावर टाकून येतात."

म्हसूनं ते सगळं बोटांवर मोजून घेतलं. मग म्हणाला, "आबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

निकालाचा दिवस उजाडला. बाईंनी शाळेपुढं सडा घातला, रांगोळी काढली. पोरांनी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. सगळी धुतलेल्या कपड्यांत, तेल लावलेल्या डोक्यांनी ओळीत बसली. पुढं सतरंजी. सतरंजीवर कुणी नाही. फक्त छबूनं एका जागी आपली पाटी ठेवली होती.

साहेब फटफटीवरून आला. त्यानं सतरंजीकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

"बाई, पालक?"

"येतील साहेब."

"गेल्या सालीही येणारच होते." साहेब खुर्चीत बसला. "मला दुपारी दुसऱ्या गावाला जायचंय. तोवर थांबतो. मग जे दिसलं ते मला वर सांगावं लागेल."

बाई मागच्या दाराशी आल्या. डोळे भरले होते.

"म्हसूभाऊ, पळा. तुम्हाला जसं सुचेल तसं सांगा, पण माणसं आणा. नाहीतर ही शाळा आज गेली."

"बरं," म्हसू म्हणाला. आज त्याला घाई नव्हती. आज त्याला येत होतं.

पहिलं घर ईश्वराचं. ईश्वराची बायको भाकरी थापत होती. म्हसू उंबऱ्याबाहेर उभा राहिला. तोंड पाडलं.

"वहिनी, खाली बसा."

"मी बसलेलीच आहे की."

"मग घोटभर पाणी प्या."

"का हो भावजी? काय झालं?"

"घाबरू नका. तुमचं पोरगं जरा जास्त आहे. शाळेत. आहात तशा चला."

वहिनीनं जी किंकाळी फोडली, ती पलीकडच्या आळीपर्यंत गेली. भाकरी तव्यावर राहिली. आबा बोलले होते त्यात काही खोटं नव्हतं.

तिच्या मागनं ईश्वरा धावला. दुसऱ्या घरी म्हसूनं तेच सांगितलं. चौथ्या घरापासून पुढं त्याला सांगावं लागलं नाही, माणसं आपणहून घराबाहेर येऊन विचारायला लागली आणि तो नुसतं तोंड पाडायचा. सरपंच ओसरीवर दाढी करून घेत होते. म्हसूला बघून त्यांनी चप्पल उचलली.

"सरपंच, आधी पाणी प्या," म्हसू म्हणाला. "तुमचा नातूही जास्त आहे."

चप्पल तिथंच पडली. सरपंच अनवाणी पळाले, एका गालाला साबण तसाच.

हैबती आबा आरडाओरडा ऐकून बाहेर आले. "कुणाचं पोर रे म्हसू?"

"सगळीच आहेत, आबा," म्हसू म्हणाला. निकाल काही एकाचाच नव्हता.

 आबा गोठ्यात गेले, आणि होते तेवढे बांबू खांद्यावर घेऊन निघाले. बांबू दिसल्यावर कुणाला शंका राहिली नाही. कुणी गोवऱ्यांची पाटी उचलली, कुणी कोरं मडकं घेतलं.

शेवटचं घर म्हसूचं स्वतःचं. तिथंही त्यानं काही कमी केलं नाही.

"कौसा, पाणी पी. छबू जरा जास्त आहे."

कौसा ऊर बडवत पळाली. ती इतकी रडत होती की म्हसूही घाबरला. आपण इकडं आलो तेवढ्यात तिकडं पोरीला काही झालं काय, असं त्याला वाटलं. मग तोही रडत तिच्या मागं पळाला.

इकडं छबू गाणं म्हणायला उभी राहिली होती. पहिली ओळ झाली आणि सगळं गाव दार भरून आत घुसलं. जिला जे पोर दिसलं ते तिनं उचललं. ईश्वराच्या बायकोनं आधी दुसऱ्याचंच पोर छातीशी धरलं, मग आपलं. सरपंचांनी नातवाला मांडीवर घेतलं, त्याच्या गालाला साबण लागला. नातवानं घाबरून त्यांच्या मांडीवरच चड्डी ओली केली. सरपंच हलले नाहीत.

साहेब खुर्चीतून उठला होता. त्यानं चष्मा पुसला.

"बाई, मी इतकी वर्षं शाळा बघतोय. निकालाला आईबापांच्या डोळ्यांत पाणी मी आज बघितलं." मग त्याला दारातले आबा दिसले. "आणि हे बांबू कशाला?"

बाईंनी बांबू बघितले. गोवऱ्या बघितल्या. मडकं बघितलं. आणि म्हसू बघितला. त्या शिकलेल्या होत्या, त्यांना कळलं.

"बांबू मांडवाला, साहेब. गोवऱ्या खिचडीला. मडकं पाण्याला. गावानं आपणहून आणलंय."

"वा!" साहेब म्हणाला.

ईश्वरानं म्हसूचा कोपर धरला आणि दात आवळून विचारलं, "कोण गेलं रे?"

"कोण कुठं गेलं?" म्हसू डोळे पुसत म्हणाला. "सगळी पास झाली."

ईश्वरानं हात उगारला. पण साहेब बघत होता. मग त्यानं तोच हात जोडून साहेबाला नमस्कार केला आणि सतरंजीवर बसला. त्याचं बघून सगळं गाव बसलं. कौसाला पुढंच बसायला मिळालं, पाटी होती तिथं. छबूनं गाणं पहिल्यापासून म्हटलं. सरपंचांच्या नातवानं पाढा चुकवला, तर सरपंच म्हणाले, "चुकू दे, चुकू दे." त्या साली कमी मार्कांवरून गावात कुठल्याच पोराला मार बसला नाही.

मग बांबूंचा खरोखरच मांडव झाला आणि गोवऱ्यांवर खिचडी शिजली. "ही शाळा बंद करणं पाप आहे," साहेब म्हणाला, खिचडी खाल्ली आणि गेला.

दिवस कलला. माणसं पोरांना कडेवर घेऊन घरी निघाली. चौथीतल्या थोराड पोरांनाही आयांनी खाली ठेवलं नाही. जाताना प्रत्येकानं म्हसूकडं एकदा रोखून बघितलं.

आबा मांडवाचे बांबू सोडत होते. म्हसू त्यांना हात लावायला गेला.

"आबा, तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं. चुकलं का काही?"

आबांनी बांबू खांद्यावर घेतले. शाळेकडं बघितलं, मग म्हसूकडं.

"नाही रे बाबा. पण मी मेलो ना, की गावात सांगावा द्यायला तूच जा. म्हातारा गेला म्हणू नकोस. शाळेत निकाल आहे, दोघांनीही या, असं सांग. म्हणजे कुणी यायचं नाही, आणि मला निवांत जाता येईल."