नागूशेटची पायली

"बाजारातल्या मापांवर राजानं लक्ष ठेवायचं? मग राज्य कोण करणार?" भैरवगडचे महाराज चिडून म्हणाले.

समोर बायजा उभी होती, भडभुंज्याची लेक. नागूशेट वाण्याकडून हरभरे घ्यायचे, भट्टीवर फुटाणे भाजून विकायचे, यावर बापलेकीचं पोट. पण पायलीभर हरभऱ्यांनी काठोकाठ भरणारं तिचं मडकं हल्ली गळ्याशीच थांबे. अशानं भट्टी विझायचीच वेळ आली होती.

"मडक्याची साक्ष कुठं दरबारात चालते, महाराज?" नागूशेट साळसूदपणे म्हणाला.

महाराज पडले हट्टी. "पोरी, शेटच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, मापाला हात लावायचा नाही. तीन दिवसांत त्याच्याच तोंडून लबाडी वदवून दाखव. नाहीतर तुझी भट्टी गावाबाहेर."

"एक दवंडी पिटवा महाराज, तेवढं पुरे," बायजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. सरकारी कोठारातले हरभरे निम्म्या भावात, दर वाण्याला पन्नास पायल्या, माप ज्याचं त्यानं आणायचं. आयतं घबाड कोण सोडतो? नागूशेट घामाघूम होत वाड्यातल्या कोठारापाशी महाराजांसमोर हजर. डोक्यावर पायली कसली, हंडाच तो!

"शेटजी, ही तुमचीच पायली ना?" बायजानं विचारलं.

"म्हणजे काय, आजोबांपासून हीच. घरात दुसरी असेल तर देव बघून घेईल."

"ऐकलंत ना महाराज? मग मारा हिच्यावर शिक्का. आजपासून शेटजी हिनंच विकतील."

शेटचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. "अहो, असं कसं? ही तर घ्यायची पायली, द्यायची वेगळी..." बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

महाराज आधी ओशाळले, मग पोट धरून हसले. "हरलो बुवा. आजपासून गावातलं प्रत्येक माप चावडीवर याच पायलीशी ताडून बघायचं, शिक्का असेल तरच दुकानात ठेवायचं. आणि या पोरीला पायलीभर रुपये द्या."

खजिनदार लगबगीनं आत गेले आणि एक चिमुकली पायली घेऊन आले.

बायजानं ती न्याहाळली. "खजिनदारकाका, आत्ताच ठरलं ना, गावात आता पायली एकच. शेटजी, तुमची जरा इकडे द्या बघू!"

शेटची पायली शिगोशीग भरेपर्यंत महाराजांचं हसू काही थांबलं नाही.