तलावाला चार गुण

“आणि तलावाला किती गुण दिलेस?” अप्पांनी विचारलं.

“चार,” मल्लिनाथ म्हणाला. “शंभरपैकी.”

“बरं...”

मल्लिनाथ हत्तुरे शहराच्या विकास आराखड्यावर काम करणारा अधिकारी होता. शहर वाढत वाढत माळाला येऊन टेकलं होतं. शहराला वळसा घालणारा नवा रस्ता कुठून न्यायचा, हे ठरवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. कुठून नेला तर फायदा किती, झाडांचं, पाण्याचं, जमिनीचं नुकसान किती, हे सगळं गुण देऊन त्यानं तोललं होतं; ज्याला गुण कमी, त्याच्यावरून रस्ता. खात्यात त्या अहवालाची वाहवा झाली होती.

लहानपणी सात वर्षं तो माळावरच्या याच मठाच्या वसतिगृहात राहिला, जेवला, शिकला. मठाच्या स्वामींना सगळे अप्पा म्हणत. त्यांची एक शाबासकी मिळावी, एवढ्याचसाठी आज तो रजा टाकून अहवाल घेऊन आला होता.

“चारच का?”

“पाझर तलाव आहे, अप्पा. मे महिन्यात बघितला तर ठणठणीत कोरडा. तळाला भेगा. ज्यात पाणीच नाही त्याला काय गुण देणार?”

अप्पांनी मान हलवली. “आणि मठाला?”

मल्लिनाथ हसला. या प्रश्नाची तो वाटच बघत होता.

“बावीस! सांस्कृतिक वारसा म्हणून. त्यामुळंच तर रस्ता मठावरून जात नाही. तलावावरून जातो.”

“बावीस... ते कशाबद्दल?”

“अडीचशे वर्षांचा मठ, असं लिहिलंय.”

मांडीवरचा अहवाल अप्पांनी चाळला, उगाचच. मग म्हणाले, “बाहेर जा. पायरीच्या दगडावर काय कोरलंय ते वाचून ये.”

मल्लिनाथ उठून बाहेर गेला. वाचायची गरज नव्हती. सात वर्षं रोज सकाळी त्यानंच ती पायरी धुतली होती. तरी तो वाकला. अक्षरांवरून बोट फिरवलं.

आत आला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता.

“शके अठराशे पंच्याऐंशी.”

“म्हणजे?”

“साठ-बासष्ट वर्षं.”

“त्या विटा मी डोक्यावरून वाहिल्यात.”

“इमारत नसेल जुनी, अप्पा, पण परंपरा तर...”

अप्पांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“पहिल्यांदा मोजलंस तेव्हा काय आलं होतं?”

“कधी?”

“पहिल्यांदा.”

“मठ जात होता,” मल्लिनाथ म्हणाला.

“मग?”

“मग... पुन्हा मोजलं.”

बाहेर कुणीतरी हौदातून पाणी काढत होतं.

“तुमच्यासाठी केलं, अप्पा. मी कुणाचा एक पैसा घेतला नाही.”

“ते मला माहीत आहे.” अप्पांनी अहवाल बाजूला ठेवला. “जनसुनावणी झाली म्हणे. कुणी काही बोललं नाही?”

“बोलली एक बाई. तलावाखालच्या वस्तीवरची. शेवंता दुपारगुडे.”

“काय म्हणाली?”

मल्लिनाथला सगळं नीट आठवत होतं. माईक उंच होता, तो खाली करायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती तशीच, माईकशिवाय बोलली होती.

“म्हणाली, साहेब, तळं रिकामं होतंय म्हणून तर आमच्या विहिरी भरत्यात. पाणी कुठं गेलं नाही, खाली आलंय. रस्ता जरा सरकवा की.”

“तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं... बाई, रस्ता आम्ही नाही ठरवत. मोजमाप ठरवतं. ते कुणाच्या सांगण्यावरून सरकत नाही.”

बोलता बोलताच त्याचे कान तापले. त्या दिवशी हे उत्तर त्याला फार चोख वाटलं होतं. शेजारी बसलेल्या साहेबांनी मान डोलावली होती. शेवंताबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. एवढा शिकलेला माणूस म्हणतोय, तर तसंच असेल, असा चेहरा करून ती खाली बसली होती. पदरानं घाम पुसत शेजारणीला म्हणाली होती, “मोजलंय म्हणत्यात.”

तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला होता. आता तेवढंच डोळ्यांपुढून हलेना.

“मठ वाचला असा तुझा निरोप आला ना,” अप्पा सावकाश म्हणाले, “त्या दिवशी मी पेढे वाटले. माळावर, वस्तीवर, सगळीकडं.”

मल्लिनाथनं वर पाहिलं.

“कशाच्या बदल्यात वाचला, ते विचारायचं सुचलं नाही मला.” अप्पा थांबले. “...नाही. सुचलं होतं. विचारलं नाही.”

“अप्पा...”

“शेवंतालाही दिला पेढा. तिनं कपाळाला लावला आणि मग खाल्ला.”

अप्पांची मान खाली गेली होती. इतक्या वर्षांत मल्लिनाथनं ती कधी अशी पाहिली नव्हती. काय करावं त्याला कळेना.

शेवटी तोच बोलला.

“अहवाल मागे घेतो. पहिले गुण होते तेच लिहितो. तलाव पावसाळ्यात नव्यानं बघतो, विहिरींसकट. आणि वस्तीवर जाऊन सांगतो, मी खोटं बोललो म्हणून.”

“नोकरी?”

“माहीत नाही.”

“हं...”

“मठ जाईल, अप्पा. दुसरी वाट शोधीन मी, पण सापडेलच असं नाही.”

“नाही सापडणार कदाचित.”

मल्लिनाथ उठला. कागद गोळा केले. नमस्कारासाठी वाकला, तशी अप्पांनी पाय मागे घेतले आणि धोतराखाली झाकले. रागानं नाही. अंग चोरावं तसे.

तो तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला. दारापर्यंत गेला, पण उंबरा ओलांडवेना. सात वर्षांच्या पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, “अप्पा, मी इथं पुन्हा येऊ का?”

“ये. मठ मोजायला ये,” अप्पा म्हणाले. “आणि त्या दिवशी... मला ओळखू नकोस.”