दशा नसलेला शेला

एका राज्यात कुणीतरी उद्याचा दिवस चोरला होता. चोर ताठ मानेने बसला होता, आणि ज्यांना ठाऊक होते ते सारे तोंडाला कुलूप घालून बसले होते.

दिव्यांत ज्योत धरेना. कैऱ्या पिकेनात. पोरांचे हलणारे दात नुसते हलतच राहिले. आणि कोष्ट्यांच्या आळीत वेणूच्या थोरल्या बहिणीला, सगुणेला, कळा सुरू झाल्या त्या वाढेनात आणि थांबेनात.

"वेणे, बाळ हलतंय गं," सगुणा म्हणाली, "पण पुढे सरकत नाही. मी आता अशीच राहायची का?"

अशीच? कायमची? वेणू हादरली. तशीच उठली आणि नदीकाठच्या बाभळीखाली गेली. तिथली सुगरण पक्षीण माणसांशी बोलत असे.

"सुगरणबाई, माझ्या बहिणीला कुणी बांधलं?"

"तुम्हीच," खोप्याला उलटी लटकत सुगरण म्हणाली. "कापडाच्या टोकाचे मोकळे धागे कापून राजवाड्यात भरा, अशी आज्ञा झाली. तू कापलेस की नाही?"

"सगळ्यांनीच कापले. लोंबते धागे, त्यांचा उपयोग तो काय?"

"त्यांना म्हणता काय तुम्ही?"

"दशा."

"जुनी माणसं दिव्याच्या वातीला काय म्हणायची?"

"दशाच."

"आणि बाळपण, तरुणपण, म्हातारपण यांना?"

वेणूने आपल्या कापलेल्या पदराकडे पाहिले. दशा! रोज तोंडात असलेला शब्द, आणि आपणच त्याला कात्री लावली?

"पहिल्या विणकरणीनं पहिलं कापड विणलं," सुगरण म्हणाली, "तेव्हा टोकाचे धागे मोकळे सोडले. पुढचं सूत त्यांनाच सांधायचं होतं. त्यातलाच एक वळून तिनं दिव्यात घातला. एक लेकराच्या मनगटाला बांधला आणि म्हणाली, वाढ आता. जिथं जिथं एक सरतं आणि दुसऱ्याला जागा ठेवतं, तिथं तिथं ते नाव गेलं. तुम्ही नुसतं सूत नाही कापलंत, पोरी."

"मग कापायला लावलं कुणी?"

"दरबारात जा. डोळ्यांनी बघ."

वेणू दरबारात गेली. राजा भद्रसेन सिंहासनावर होता. त्याच्या खांद्यावर राज्यातल्या साऱ्या दशांचा एक शेला होता. चारी कडा विणून बंद केलेल्या, टोक कुठेच नाही. राजा शेवटची घटका मोजतो आहे, असे वैद्य म्हणाले होते. शेला अंगावर आला, आणि ती घटका सरलीच नाही. अख्ख्या दरबाराला हे ठाऊक होते. अख्खा दरबार मुजरे करीत होता.

"महाराज, शेला उतरवा."

शेजारी तो शेला मंत्राने विणणारा, विकट नावाचा मांत्रिक उभा होता; तो खदखदून हसला. "कोष्ट्याची पोर हुकूम सोडते! आधी तीन कामं कर. हा दिवा लाव. ही कैरी पिकव. आणि महाराजांच्या शेल्याचं टोक दाखव."

वेणूने आपल्या लुगड्याचा पदर हातात घेतला. त्याच्याही दशा कापलेल्या. तिने काठावरचा आडवा धागा उसवला, मग दुसरा, मग तिसरा. उभे धागे मोकळे होऊन लोंबू लागले. त्यातले चार तोडून तिने वात वळली. दिवा लागला. उरलेल्यांपैकी एक कैरीला बांधला. कैरी पिवळी झाली आणि दरबारभर घमघमाट सुटला.

विकटचे हसू मावळले. "पण याला टोकच नाही!"

"कात्री आणा," वेणू म्हणाली. "जिथं कापीन तिथं टोक."

तेव्हा राजा प्रथमच बोलला. त्याचा आवाज लहान मुलासारखा होता.

"मुली, मला मरायचं नव्हतं. एवढंच."

"माझ्या बहिणीलाही असं अडकून राहायचं नाही, महाराज. आणि तिच्या पोटातल्यानं तर अजून जग पाहिलेलं नाही."

राजाने दिव्याकडे पाहिले. मग त्याने खांदा पुढे केला.

"काप."

वेणूने शेला मधोमध कापला आणि आडवा धागा ओढला. राजाचे केस पांढरे झाले, बोटे वाळली, आणि सुताच्या ढिगावर मान टेकून तो कायमचा निजला. मंत्र उलटून विकटची राख झाली. सिंहासनाशेजारी बसलेल्या राणीने डोळे पुसले आणि तिथल्या तिथे आज्ञा फिरवली: कापडाला दशा राखाव्यात. नगरातले दिवे एकामागून एक लागत गेले.

वेणू धावत सुटली. राजवाड्यावर शोकाचा नगारा वाजू लागला आणि त्याच क्षणी सगुणेच्या घरातून कोवळे रडणे ऐकू आले. दारात आळीतल्या बाया गोंधळून उभ्या होत्या. राजासाठी रडावे, की साखर वाटावी?

सुईण आतून खेकसली, "रडायचं त्यांनी बाहेर रडा गं, पण एकीनं तरी पाणी तापवा! हे पोर आता कुणासाठी थांबायचं नाही."